सदतिसास एक : बोरघाटाच्या चढाचं गणित

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वड्यासाठी उतरतात आणि तेवढ्या वेळात गाडीच्या मागच्या टोकाला जादा इंजिनं जोडली जातात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. ही इंजिनं कशासाठी लागतात, ते १८५०च्या दशकात ठरलेल्या एका प्रमाणात दडलं आहे. बोरघाटातला सर्वांत कडक चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे ‘सदतिसास एक’ आहे.

रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ जाणवणारही नाही. रेल्वेची गोष्ट वेगळी. पोलादी रुळावर पोलादी चाक अगदी सहज घरंगळतं, म्हणून सपाटीवर एक टन वजन ओढायला तीन-चार किलोंचा जोर पुरतो. सदतिसास एकच्या चढावर मात्र गुरुत्वाकर्षण टनामागे २७ किलोंनी गाडी मागे खेचतं. हजार टनांची गाडी आणि सव्वाशे टनांचं इंजिन धरलं, तर नुसतं जागेवर रोखून धरायलाच तीस टनांचा जोर हवा. आता इंजिनाची पकड पाहू. रूळ बरे असले तरी चाक न घसरता इंजिन साधारण स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढाच जोर लावू शकतं, म्हणजे पंचवीस टन. इंजिनात ताकद कितीही भरा, चाकं जागच्या जागी फिरतील. पावसात तर पकड आणखी कमी होते. म्हणून जादा इंजिनं, आणि तीही मागून : सगळी पुढे लावली तर डब्यांमधल्या जोडण्यांवर फार ताण येईल आणि एखादी तुटली तर मागचे डबे सरळ कर्जतकडे सुटतील.

हे प्रमाण ठरवलं जेम्स बर्कले या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मुख्य अभियंत्याने. मुंबई-ठाणे मार्गही त्याच्याच देखरेखीखाली झाला होता. सुमारे २५ किलोमीटरांत १८३१ फूट चढायचं होतं. चढ सौम्य ठेवावा तर मार्ग लांबतो, बोगदे वाढतात, आणि कडक ठेवावा तर इंजिनाचा निभाव लागत नाही. बर्कलेने सदतिसास एकवर बोट ठेवलं. एका ठिकाणी तर वळायलाही जागा नव्हती. तिथे त्याने रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं : गाडी डोंगराच्या सोंडेच्या टोकावर शिरायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे चाललं, मग नव्या बोगद्यांनी ते स्टेशन मोडीत काढलं.

काम १८५६ साली सुरू झालं. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता. काळ्या बेसाल्ट खडकात हाताने पहार मारून भोकं पाडायची, त्यात बंदुकीची दारू ठासून खडक उडवायचा. कित्येक कड्यांवर उभं राहायला पाऊलभर जागा नव्हती, तिथे माणसं दोरांनी खाली सोडली जात. जानेवारी १८६१मध्ये घाटात ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. कॉलऱ्याने त्यांच्या छावण्या उजाड केल्या. त्याआधी, १८५९च्या सुरुवातीला, थकलेल्या मजुरीवरून दंगल पेटली होती. त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदाराने, फॅव्हिएलने, काम सोडलं. या हजारोंची नावं कुठल्याच दगडावर नाहीत, याची मला खंत वाटते. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची आठवण निदान लोककथेने राखली, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं देऊळ आहे.

नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरला आणि काही दिवसांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस मायदेशी परतली असती तर कुणीच बोल लावला नसता. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांना व्यवस्थापक नेमलं आणि काम तडीला नेलं. एप्रिल १८६३मध्ये घाट खुला झाला. बर्कलेला ते पाहायला मिळालं नाही, आदल्या ऑगस्टमध्ये त्याचं इंग्लंडमध्ये निधन झालं होतं. सगळं काम निर्दोष होतं असंही नाही : १८६७ साली घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला.

चढण्याइतकंच उतरणं अवघड. ब्रेक नुसते दाबून धरले तर ते तापतात आणि तापले की धरेनासे होतात. त्यासाठी उतारावर कॅच सायडिंग आहेत : मुख्य मार्गातून फुटून उलट चढावर जाणारे रुळांचे फाटे. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी काबूत आहे याची खात्री पटली तरच तिला मुख्य मार्ग मिळतो, सुटलेली गाडी चढावर जाऊन थांबते.

दुसरा उपाय १९२८च्या सुमारास विजेच्या इंजिनांबरोबर आला. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर इथल्या कारखान्याने खास घाटासाठी इंजिनं बनवली, पुढची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने. आपल्या रेल्वेवाल्यांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं. उतारावर त्यांच्या मोटारी जनित्र बनत. चाकं मोटारीला फिरवत, त्यातून वीज तयार होई, गाडीचा वेग आवरला जाई आणि ती वीज वरच्या तारेत परत जाई. त्याच वेळी वर येणाऱ्या गाडीला ती वापरता येई. आजची नवी इंजिनंही घाट उतरताना हेच करतात.