मेंढीच्या जातींमधील चरबीच्या चयापचयाचे आनुवंशिक भेद

मेंढीच्या (ओव्हिस एरिस) निरनिराळ्या जातींत चरबी किती, शरीराच्या कोणत्या भागात आणि कोणत्या वयात साठते, तसेच ती घट्ट असते की मऊ, यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे फरक आढळतात. आहार, वय व हवामान यांचा वाटा वगळून जो फरक उरतो तो या नोंदीचा विषय आहे. चरबी तयार होण्याची रासायनिक वाट सर्व जातींत जवळजवळ एकच असते. जातींचे वेगळेपण मुख्यतः साठ्याची जागा व साठवणुकीची वेळ यांत दिसते, आणि जनुकांच्या संशोधनातूनही हेच पुढे येत आहे.

चरबीची घडण : मेंढीच्या कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) सूक्ष्मजंतू चाऱ्यातील तंतुमय भाग आंबवून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले बनवतात. माणसात नव्या चरबीची निर्मिती बहुतांशी यकृतात होते. मेंढीत ती चरबीच्या ऊतकातच, आणि ग्लुकोजऐवजी मुख्यतः अ‍ॅसिटेटपासून होते. प्रथम पामिटिक आम्ल तयार होते, त्याची साखळी वाढून स्टिअरिक आम्ल होते आणि डीसॅच्युरेज या एंझाइममुळे त्यातील काही भागाचे ओलेइक आम्ल होते. शिवाय हिरव्या चाऱ्यातील असंतृप्त मेदाम्ले कोटीपोटातच हायड्रोजन स्वीकारून बहुतांशी संतृप्त होतात. स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश से. तापमानाला वितळते, तर ओलेइक सुमारे १३ अंशांनाच. या दोहोंच्या प्रमाणावर चरबीचा घट्टपणा बराचसा ठरतो.

नागपुरात सावजी मटणाच्या ताटात हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. डिसेंबरच्या रात्री रस्सा निवू लागला की वरची तर्री, म्हणजे तिखटाने लाल झालेले जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल, पातळच राहते. हाडाच्या कडेला मात्र पांढुरका थर धरतो आणि तो बोटाला मेणासारखा लागतो. ती जनावराची चरबी. (सावजीच्या पातेल्यात बहुधा बोकड असतो, पण तोही रवंथ करणारा असल्याने हिशेब तोच.) एकाच मेंढीच्या शरीरातही फरक असतो : गुर्द्याभोवतीची चरबी ठिसूळ व कडक, तर शेपटीची मऊ व ओलेइक आम्लाने अधिक समृद्ध असते.

साठ्याच्या जागा : कोकरू वाढू लागले की चरबी साधारणपणे आधी गुर्दे व आतड्यांभोवती, नंतर स्नायूंच्या मधल्या जागांत, मग कातडीखाली आणि सर्वांत शेवटी स्नायूच्या आत साठते. जातिभेद या क्रमापेक्षा वेगात व वाटपात असतात. फिन्निश लँडरेससारख्या एका वेतात अनेक कोकरे देणाऱ्या जाती पोटातील चरबी जास्त धरतात. साउथडाउनसारख्या मांसाच्या इंग्रज जाती कातडीखाली लवकर चरबी धरतात. सोय ही स्कॉटलंडच्या बेटांवरील अर्धरानटी मेंढी मोठी झाल्यावरही सडसडीत राहते. तुलनेतील एक जुनी चूक येथे नोंदवली पाहिजे. समान वयाची किंवा समान वजनाची जनावरे शेजारी ठेवली तर लहान चणीची जात बहुधा जास्त चरबीची भासते, कारण ती आपल्या पूर्ण वाढीच्या अधिक जवळ पोचलेली असते. १९७६ मध्ये सोय, साउथडाउन, फिन्निश लँडरेस व ऑक्सफर्ड डाउन या चार जातींची तुलना प्रौढ वजनाच्या समान टप्प्यांवर करण्यात आली. अशा मोजणीत जातींमधील बरेचसे अंतर मिटते. जे मिटत नाही तेच खरे आनुवंशिक समजावे, हे मत प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते.

दुंबा व मेदपुच्छ जाती : जगातील मेंढ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा मेदपुच्छ किंवा मेदनितंब असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. पश्चिम आशियातील अवासी, मध्य आशियातील काराकुल, इराणमधील लोरी-बख्तियारी ही मेदपुच्छ जातींची परिचित उदाहरणे. ताजिकिस्तानातील हिसारी व सोमाली काळ्या डोक्याच्या मेंढीत चरबी शेपटीपेक्षा नितंबांवर चढते. (हरियाणातील हिसारची हिसारडेल ही वेगळी, ती मेरिनो व बिकानेरी यांच्या संकरातून निघालेली लोकरीची जात असून तिला चरबीची शेपूट नसते. नामसादृश्याने काही याद्यांत दोन्हींची सरमिसळ झालेली दिसते.) दुंबा हा शब्द फारसीतील असून त्याचा मूळ अर्थ चरबीची शेपूट असाच आहे. पूर्ण वाढलेल्या अवासी नराची शेपूट १० किलोंच्या घरात जाऊ शकते.

मेंढी पाळीव झाली ती पश्चिम आशियात, बहुधा दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी. ती पहिली मेंढी बारीक शेपटीची होती याविषयी फारसे दुमत नाही. चरबीच्या शेपटीची सर्वांत जुनी चित्रे मेसोपोटेमियातील असून उरुक येथील दगडी पात्रावरील आकृती इ. स. पू. ३००० च्या आसपासची मानतात. म्हणजे हे लक्षण त्यापूर्वी केव्हातरी रुजलेले असावे. इ. स. पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस याने अरबस्तानातील मेंढ्यांची शेपटी तीन हात लांब असल्याचे व ती घासू नये म्हणून मेंढपाळ तिच्याखाली छोटी गाडी बांधत असल्याचे लिहिले आहे. गाडीची गोष्ट पुढे अनेकांनी उचलली. पण त्याच परिच्छेदात त्याने हातभर रुंद शेपटीची दुसरी जातही सांगितली आहे, हे सहसा कोणी उद्धृत करीत नाही.

अशी शेपूट का निर्माण झाली याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ती उंटाच्या मदारीप्रमाणे दुष्काळातील शिदोरी होय. दुसऱ्या मतानुसार चरबी एका जागी गोळा झाल्याने उरलेले अंग पातळ राहते आणि उष्णता बाहेर टाकणे सोपे जाते. तिसरे मत असे की स्वयंपाकासाठी व दिव्यासाठी मऊ चरबी हवी म्हणून मेंढपाळांनीच हे लक्षण निवडून वाढवले. पहिल्या दोन मतांना एक अडचण आहे. त्याच कोरड्या मुलखात हजारो वर्षे राहणाऱ्या मूफ्लॉन, युरियल व अर्गाली या रानमेंढ्यांपैकी एकीलाही चरबीची शेपूट नाही. शिवाय अशी शेपूट समागमाला आड येते. बारीक शेपटीच्या जातीचा नर मेदपुच्छ मादीवर सोडला तर बरेचदा माणसाला शेपूट उचलून धरावी लागते. निसर्गाने एकट्याने असे लक्षण टिकवले असते असे वाटत नाही. मानवी निवडीचा वाटा मोठा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

शेपटीची जनुके : मेदपुच्छ व बारीक शेपटीच्या जातींचा संकर केला की पहिल्या पिढीची शेपूट मधल्या आकाराची निघते, यावरून एकाहून अधिक जनुकांचा हात असावा असे पूर्वीपासून मानले जाई. २०१२ मध्ये इराणमधील झेल (बारीक शेपूट) व लोरी-बख्तियारी (मेदपुच्छ) या जातींच्या तुलनेत ५ व ७ क्रमांकांच्या तसेच एक्स गुणसूत्रावर निवडीच्या खुणा (पिढ्यान्‌पिढ्या निवड झाल्याने जनुकांत उमटलेले ठसे) मिळाल्या. पुढे अनेक देशांतील जातींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन होऊ लागले तसे दोन उमेदवार जनुक वारंवार वर आले : १३ व्या गुणसूत्रावरील बीएमपी-२ आणि १५ व्या गुणसूत्रावरील पीडीजीएफ-डी. २०२० मधील मोठ्या तुलनांनंतर अभ्यासकांचा कल पीडीजीएफ-डीकडे अधिक झुकला आहे. बीएमपी-२ चे महत्त्व त्यामुळे संपत नाही. त्याच्याजवळील खुणा चिनी जातींत विशेष ठळक आहेत, आणि दोन्ही जनुके वेगवेगळ्या कळपांत कमी-अधिक प्रमाणात काम करीत असणे शक्य आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या दोहोंपैकी एकही जनुक चरबी बनवणाऱ्या एंझाइमचे नाही. दोन्ही वाढीच्या संकेतप्रथिनांची जनुके आहेत. मूळपेशींनी चरबीची पेशी व्हावे की हाडाची, आणि चरबीच्या पूर्वपेशी कोठे व किती वाढाव्यात, यांच्याशी त्यांचा संबंध आहे. अ‍ॅसिटेटपासून चरबी बनवणारी यंत्रणा अवासीत आणि महाराष्ट्रातील बारीक शेपटीच्या दख्खनीत सारखीच. अवासीच्या शेपटीत ती भरून ठेवणाऱ्या पेशींचे कोठार मोठे. लेप्टिन (भूक आवरणारे संप्रेरक), डीजीएटी-१ (चरबीचा रेणू जुळवणारे एंझाइम), डीसॅच्युरेज यांच्या जनुकांतील बदल व मांसातील चरबी यांचा संबंध सांगणारे निबंध पुष्कळ आहेत. पण एका जातीत मिळालेला परिणाम दुसऱ्या जातीत टिकतोच असे नाही. शेपटीची लांबी हे लक्षणही वेगळे असून त्याचा संबंध टीबीएक्सटी या जनुकाशी जोडला जातो.

स्नायूंमधून चरबीवर परिणाम : १९८३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात डॉर्सेट जातीचा एक नर जन्मला. त्याचे नाव सॉलिड गोल्ड. त्याच्या काही संततीत मागचे पुठ्ठे विलक्षण भरलेले व अंगावर चरबी कमी आढळली. या लक्षणाला ग्रीक भाषेतून ‘कॅलिपिज’ (सुंदर नितंबांची) असे नाव देण्यात आले. त्याचा वारसा मेंडेलच्या नियमांत बसत नाही. बदललेले जनुक बापाकडून आणि साधे जनुक आईकडून आले तरच लक्षण दिसते. दोघांकडूनही बदललेले आले तर कोकरू साधे दिसते. हा प्रकार १९९६ मध्ये मांडला गेला आणि १८ व्या गुणसूत्रावरील डीएनएच्या एका अक्षराचा कारणीभूत बदल २००२ मध्ये हाती आला. मांस भरपूर पण चिवट निघते, कारण कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन वाढल्याने मांस मुरण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे व्यापारात ही मेंढी फारशी चालली नाही. टेक्सेल जातीचे भरलेपण वेगळ्या कारणाने येते. तिच्या मायोस्टॅटिन जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या टोकाला एका अक्षराचा बदल झाला आहे. त्यामुळे स्नायूंतील सूक्ष्म आरएनए (जनुकाचे काम दाबणारे छोटे रेणू) तेथे चिकटून स्नायूंना आवर घालणारे प्रथिन कमी करतात, असे २००६ मध्ये दाखवले गेले. स्नायू वाढले की चरबीचा हिस्सा आपोआप घटतो.

चरबीचा रंग : गाईचे तूप पिवळे व म्हशीचे पांढरे का, याचे उत्तर चाऱ्यातील कॅरोटीन हे पिवळे रंगद्रव्य शरीरात मोडले जाते की चरबीत उतरते यात आहे. मेंढीची चरबी सामान्यतः पांढरी असते. नॉर्वेतील काही मेंढ्यांत ती पिवळी निघते; त्यांच्यात कॅरोटीन मोडणाऱ्या बीसीओ-२ या एंझाइमचे जनुक निकामी असल्याचे २०१० मध्ये दाखवले गेले. पिवळेपण अप्रभावी लक्षण असल्याने ते दोन्ही पालकांकडून यावे लागते.

नागपूर व विदर्भ : महाराष्ट्रातील प्रमुख जात दख्खनी. सांगली जिल्ह्याच्या जत भागातील माडग्याळ ही त्याहून उंच व फुगीर नाकाची. दोन्ही बारीक शेपटीच्या. प्रौढ दख्खनी मेंढी साधारण २५ ते ३० किलोंची असते आणि चराईसाठी दूरवर चालणाऱ्या कळपात तिच्या अंगावर कातडीखाली चरबी क्वचितच जमते. पूर्व विदर्भात मेंढ्या राखणारे कुरमार धनगर चंद्रपूर-गडचिरोलीकडे आहेत. कच्छकडून उंट घेऊन येणारे रबारी गुजरात-राजस्थानकडील जातींचे कळप विदर्भात चारतात. पशुवैद्यकीय शिक्षण नागपुरात १९५८ पासून आहे; महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये येथे स्थापन झाले.

नागपुरात मटण म्हटले की बोकडाचे, हे सांगावे लागत नाही. मेंढीचे धड आकड्याला टांगलेले असले तर जाणता गिऱ्हाईक ते पाठीवरून ओळखतो : मेंढीच्या पाठीवर व शेपटीच्या बुडाशी कातडीखालचा पांढरा पापुद्रा असतो, बोकडाचे अंग लालसर व कोरडे दिसते आणि त्याची चरबी पोटाच्या आत, गुर्द्याभोवती गोळा झालेली असते. शिजताना येणारा मेंढीचा उग्र वास ४-मेथिलऑक्टॅनॉइक व ४-एथिलऑक्टॅनॉइक या शाखायुक्त मेदाम्लांचा. तो वयात आलेल्या नरात वाढतो. घरोघरी त्याला ‘मेंढ्याचा वास’ म्हणतात. खच्ची केलेल्या मेंढ्यात तो कमी असतो.