बावीस (२२)

बावीस ही २१ नंतरची आणि २३ च्या अगोदरची पूर्ण संख्या. बेळगावात बावीस म्हटलं की आधी गाडीची नंबरप्लेटच आठवते, केए २२, आणि कोल्हापुरात एमएच ०९ च्या गर्दीत ती दिसली की "आपल्याकडची हाय की ही" असं तोंडातून जातंच. पण त्या आकड्याकडे गणित म्हणून कोण बघत नाही.

२२ = २ × ११, दोन्ही मूळ संख्या, विभाजक १, २, ११, २२ एवढेच. (चिकोडी-निपाणीकडच्या गाड्यांचा २३ स्वतःच मूळ संख्या आहे, कशाने फुटत नाही, पण तिकडच्यांनी त्याचा माज करू नये.) उलटं वाचलं तरी २२च, वर्ग केला तर ४८४, तोही उलटसुलट सारखाच.

आता गंमत बघा. २२ चे अंक मिळवले तर २ + २ = ४, मूळ अवयवांचे (२ आणि ११) अंक मिळवले तर २ + १ + १ = ४. असं जुळणाऱ्या संयुक्त संख्येला स्मिथ संख्या म्हणतात, पहिली ४, दुसरी २२, मग २७. हे नाव अल्बर्ट विलान्स्की ह्या गणितज्ञाने १९८२ मध्ये ठेवलं, कारण त्याचा मेव्हणा हॅरॉल्ड स्मिथ ह्याच्या ४९३७७७५ ह्या फोन नंबरात हेच जुळत होतं. मेव्हण्याचा नंबर असा फोडून कोण बघतं देव जाणे.

शाळेत सगळ्यात जास्त भेटतो तो २२/७ मधला बावीस. हा पाय (π, वर्तुळाचा घेर भागिले व्यास) नव्हेच, पायपेक्षा जरासा मोठा आहे, आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात ९६ बाजूंची आकृती घेऊन दाखवलं की पाय ३ पूर्णांक १०/७१ आणि २२/७ ह्यांच्या मधे बसतो. २२/७ म्हणजे ३.१४२८५७ आणि पुढं तेच सहा अंक परत परत, पाय ३.१४१५९ आणि पुढं. आता एक मीटर व्यासाच्या बैलगाडीच्या चाकाचा घेर २२/७ ने काढला तर सव्वा मिलिमीटर जास्त येतो, लोहार तर चाकावरची लोखंडी धाव तापवून फुगवून चढवतो आणि वर पाणी ओतून आवळतो, त्यात हा सव्वा मिलिमीटर कुठं गेला कळणार पण नाही. त्यामुळं २२/७ ला नुसतं चुकीचा म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कामापुरता तो चोख आहे.

बेळगावचा मांडा घडी न घालता ताटात पसरा आणि सुरीने सरळ सहा काप द्या, तुकडे मधे हलवायचे नाहीत. जास्तीत जास्त २२ तुकडे होतात, कारण नवा काप आधीच्या सगळ्या कापांना वेगवेगळ्या ठिकाणी छेदत गेला की पहिला १, दुसरा २, तिसरा ३ असे तुकडे वाढवतो, १ + १ + २ + ३ + ४ + ५ + ६.

८ ही संख्या क्रम न बघता बेरजांत मांडायची (८, ७ + १, ६ + २ वगैरे) तर २२ प्रकार निघतात. शिवाय २२ ही पंचकोनी संख्या, म्हणजे तेवढे ठिपके पंचकोनाच्या आकारात मांडता येतात, १, ५, १२, २२ ह्या ओळीतली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध ऑयलर ह्या गणितज्ञाने जोडला, त्याच्या रीतीने ८ मधून पंचकोनी १, ५ आणि त्यांच्या जोडीच्या २, ७ वजा करून उरलेल्या ७, ६, ३ आणि १ चे प्रकार घेऊन १५ + ११ − ३ − १ केलं की ८ चे २२ येतात.

मराठीत बावीस म्हणताना दोन आधी, वीस मागनं. कन्नडात इप्पत्तेरडु, म्हणजे वीस आधी, दोन मागनं. दोन्ही भाषा कानावर पडणारी इथली पोरं पंचवीस लिहिताना कधी ५२ करून ठेवतात, बावीसला ती भानगडच नाही.