डीबीएस आणि पेशीरोपण: धोका एकच नाही

'पेसमेकर बसवा नाहीतर पेशी सोडा, शेवटी कवटीला भोकच पाडायचं, धोका तोच.' पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या घरच्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट लिहून टाकतो. धोका तोच नाही.

डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), म्हणजेच हा मेंदूचा 'पेसमेकर': मेंदूत खोलवर करंट देणाऱ्या तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी 1987 मध्ये सुरू केलं. आता तो रुळलेला उपचार आहे. पेशीरोपणात डोपामाइन (पार्किन्सन्समध्ये कमी पडणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी सुईने मेंदूत सोडतात, आणि तो अजून प्रयोगच आहे. ऑपरेशन टेबलावरचा रक्तस्रावाचा धोका दोन्हींत असतो.

खरा फरक घरी आल्यावर कळतो. डीबीएसच्या करंटमुळे जीभ जड झाली, मुंग्या आल्या, तोल जाऊ लागला, तर डॉक्टर करंट कमी करतात, वेळ पडली तर मशीन बंद करतात. असे त्रास बहुधा ओसरतात. (तरी डीबीएसला 'पूर्ण रिव्हर्सिबल', म्हणजे पूर्ववत करता येणारं, म्हणणंही मला पटत नाही. रक्तस्रावाने झालेली इजा मशीन बंद करून भरून येत नाही.)

पेशींना बटण नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या 40 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्यांना गर्भाच्या मेंदूतल्या पेशी दिल्या होत्या, निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली होती. पेशी मिळालेल्यांपैकी 15 टक्के जणांना पहिलं वर्ष बरं गेल्यावर डिस्कायनेशिया, म्हणजे अंगाच्या अनावर हालचालींचा त्रास, सुरू झाला. एरवी लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीचा डोस उतरवला की तो कमी होतो. इथे गोळी कमी केली, अगदी थांबवली, तरी हालचाली चालूच राहिल्या. 2003 च्या दुसऱ्या चाचणीत रात्रभर गोळी न घेताही 23 पैकी 13 जणांत तेच दिसलं. काहींना या हालचाली आवरायला पुढे डीबीएसच करावं लागलं. त्यामुळे 'आधी पेशी करून बघू, डीबीएस आहेच' हा क्रम मला साफ नामंजूर आहे.

2025 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 12 रुग्णांवर स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींची चाचणी प्रसिद्ध झाली. 18 महिन्यांत असा डिस्कायनेशिया आढळला नाही. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण रोपलेल्या पेशी वर्षानुवर्षं पक्व होत राहतात, आणि 12 हा आकडा फार लहान आहे.

आपल्याकडे पार्किन्सन्ससाठी 'स्टेम सेल'च्या जाहिराती दिसतात, त्या या चाचण्यांचा भाग नसतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा उपचार करणं अनैतिक आहे. कुणी पैसे मागितले, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा, आणि त्रास झालाच तर तो कसा थांबवणार, हे लेखी घ्या.