‘ओरिजिनल’ वारली म्हणजे नक्की कुठली?

नाशिकच्या पंचवटीतल्या दुकानात गेरूच्या रंगाचं कापड टांगलेलं असतं, त्यावर तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती फेर धरलेली पांढरी माणसं. गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून बघतं. “ओरिजिनल आहे ना?” “एकदम ओरिजिनल, ताई.” साठ वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला पडलाच नसता, कारण तेव्हा विकायला काही नव्हतंच.

वारली आदिवासींचं हे चित्र मूळचं भिंतीवरचं. लग्नघरी शेणा-गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढतात. रंग म्हणजे तांदळाचं पीठ आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी तिची गाणी म्हणते. हा चौक कुणाला विकत घेऊन घरी नेता येत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागातल्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी लग्नकार्याची वाट न बघता रोज चित्रं काढायला घेतली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत ती लागली आणि २०११ मध्ये म्हशांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या रेषेबद्दल मला अपार आदर आहे. तरी बायकांच्या हातातली कला बाजारात आली ती बहुतेक पुरुषांच्या नावाने, हे मनाला लागतं.

म्हणजे कागदा-कापडावरचं वारली जन्मलं तेच बाहेरच्यांसाठी. पर्यटकाची कसोटी मात्र गेरू, तारपा आणि जुनेपणा. चित्रात मोटारसायकल दिसली की तो म्हणतो, “हे काही खरं नाही.” पाड्यावर मोटारसायकल केव्हाच आली, मग ती चित्रात का येऊ नये?

१९९३ साली लिट्रेल, अँडरसन आणि ब्राउन या संशोधकांनी अमेरिकेतल्या पर्यटकांना विचारलं होतं की, हस्तकलेची वस्तू अस्सल कशावरून मानता? उत्तरं एक नव्हती. कुणी वेगळेपण बघत होतं, कुणी हाताची सफाई, कुणी त्या संस्कृतीशी नातं, तर कुणाला घडवणारा माणूस भेटला हेच पुरेसं होतं. नाशिकला हे शेवटचं सहज जमण्यासारखं आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक तालुक्यांत वारली वस्ती आहे. पण गिऱ्हाईक दुकानातूनच परत फिरतं.

वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याने नावाला कायद्याचं संरक्षण आलं, तरी छापील माल दुकानातून हटलेला नाही. तो ओळखायला कापड डोळ्यांजवळ धरा. छापलेली रेघ बहुधा सगळीकडे सारख्याच जाडीची. हाताची रेघ काडी रंगात बुडवली तिथे टपोरी उठते, पुढे बारीक होत जाते, आणि दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेली माणसाची कंबर दर माणसागणिक थोडी वेगळी पडते. मग विचारा: काढलं कुणी, कुठल्या पाड्यावर? दुकानदाराला नाव सांगता आलं, तर आणखी एक विचारा: या किमतीतले पैसे काढणारीच्या हाती किती पडले?