तुमच्या माहितीचा खरा भाव

'आपली वैयक्तिक माहिती म्हणजे सोनं, कंपन्या ती विकून प्रत्येकामागे लाखो कमावतात,' हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. सुटी माहिती प्रत्यक्षात मातीमोल असते. २०१३मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने बाजारातले दर तपासले, तेव्हा हजार माणसांचं वय, लिंग, ठिकाण अर्ध्या डॉलरला मिळत होतं. गरोदरपण किंवा आजार कळला की भाव चढे, तोही माणशी काही सेंटच.

मग पैसा येतो कुठून? फेसबुक किंवा गूगल तुमची फाइल जाहिरातदाराच्या हाती देत नाहीत. दिली, तर तो पुन्हा कशाला येईल? ते विकतात तुमच्या नजरेसमोरची जागा, दर वेळी नव्या लिलावात. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिचं २०२३चं उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होतं, जवळपास सगळं जाहिरातींचं. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडात माणशी ६८ डॉलर मिळाले. जगाची सरासरी १३. माहिती सगळ्यांचीच गोळा होते, पण जाहिरातदार मोजतो गिऱ्हाइकाची ऐपत बघून.

लोकांच्या माहितीच्या याद्या खरोखर विकतात ते डेटा ब्रोकर, म्हणजे माहितीचे दलाल. त्यांची नावंही बहुतेकांनी ऐकलेली नसतात, आणि माझ्या मते ओरड खरी त्यांच्याविरुद्ध व्हायला हवी.