फोमचे पंख (विमान प्रतिकृती)

फोमचे पंख : विमान प्रतिकृतीसाठी फोमच्या ठोकळ्यातून तापत्या तारेने कापलेले, मध्यभागी सांधलेले आणि वरून आवरण चढवलेले पंख. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या फासळ्या कापून, घासून, एकेक चिकटवून पंख उभा करायला बरेच दिवस जातात. फोमचा गाभा एका संध्याकाळी कापून होतो. मात्र फोम पंखाला फक्त आकार देतो. बळ येते आवरणातून, आतल्या दांडीतून आणि मधल्या सांध्यातून. पंख वर उचलला जातो तेव्हा त्याचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि हा वाक सर्वांत जास्त असतो तो मुळाशी, म्हणजे नेमका सांध्यावर.

हे तंत्र प्रतिकृतींपुरते राहिलेले नाही. 1975 मध्ये प्रथम उडालेल्या बर्ट रुटान यांच्या ‘व्हेरीईझ’ या दोन आसनी विमानाच्या पंखांचा गाभाही तापत्या तारेने कापलेल्या फोमचा असून त्यावर काचकापड (काचतंतूंचे विणलेले कापड) व इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा डिंक) होते.

फोमचे प्रकार : सर्वांत ओळखीचा तो पांढरा, दाणेदार थर्माकोल, म्हणजे ईपीएस (एक्सपांडेड पॉलिस्टायरीन). घनमीटरला साधारण 15 ते 30 किलो वजन आणि बाकी बहुतेक हवा. मुंबईत गणपतीच्या मखरांमुळे थर्माकोल आणि तो कापायची तापती तार या दोन्ही गोष्टी मूर्तिशाळांच्या आसपास सर्रास दिसत. 2018 मध्ये राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली व उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या गणेशोत्सवासाठी सूट नाकारली. तेव्हापासून मखराच्या दुकानातून शीट उचलून आणायचा सोपा रस्ता बंद झाला. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातले तुकडे सरावाला चालतात, पंखाला नाही, कारण त्यांत खाचा फार. गच्चीवर उष्णता अडवायला टाकतात तो एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) अधिक घट्ट, बारीक पोताचा; त्याला घासून सुरेख कडा काढता येते. तिसरा ईपीपी (एक्सपांडेड पॉलिप्रॉपिलीन), रबरासारखा दबून परत उठणारा. शिकाऊ माणसाने खरे तर याच्यापासून सुरुवात करावी, पण तो महाग पडतो.

कापणी : नायक्रोमची (निकेल-क्रोमियम मिश्रधातूची) तार धनुष्यासारख्या चौकटीत ताणून तिच्यातून कमी व्होल्टेजचा प्रवाह सोडतात. तार आणि ट्रान्सफॉर्मर यांची खरेदी लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोडला होते. घरच्या विजेच्या डिमरला तार थेट जोडणारे महाभाग भेटतात. त्यांचे अनुकरण करू नये, मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. तार लाल झाली म्हणजे ती गरजेपेक्षा जास्त तापली. ती फोम कापत नाही, पुढेपुढे वितळवत जाते आणि खड्डे पाडते. योग्य तापमानाला कापलेल्या पृष्ठावर केसांसारखे बारीक तंतू राहतात, हात फिरवला की निघून जातात. जास्त तापलेल्या फोमचा धूर घशाला लागतो, त्यामुळे दारे-खिडक्या उघड्या ठेवून, गॅसच्या शेगडीपासून दूर काम करावे. वन रूम किचनमध्ये हे जमत नसेल तर गच्ची बरी.

ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणाऱ्या आकाराचे, साचे लावतात. सुतारांकडे उरलेले सनमायकाचे तुकडे यासाठी नामी. कडा पॉलिश पेपरने आरशासारखी गुळगुळीत केली नाही तर तार जिथे अडखळते तिथे पंखभर एक चर उमटते. शिकाऊ विमानांना ‘क्लार्क वाय’ हा छेद आवडीचा. त्याची जाडी रुंदीच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या) 11.7 टक्के, म्हणजे 20 सेंमी रुंद पंखाला सुमारे 23 मिमी. आणि खालची बाजू पुढच्या 30 टक्क्यांनंतर सपाट, त्यामुळे पंख टेबलावर नीट बसतो.

टोकाकडे निमुळता पंख असेल तर मुळाचा साचा मोठा, टोकाचा लहान. दोघांनी तार धरायची, दोन्ही साच्यांवर सारख्याच संख्येच्या खुणा करायच्या आणि एकाने ‘एक, दोन, तीन’ मोजत जायचे. प्रत्येक आकड्याला दोघेही आपापल्या खुणेवर. टोकाकडचा माणूस सावकाश सरकतो आणि तिथेच त्याचा धीर सुटतो. शिवाय तार मध्यभागी मागे रेंगाळते, म्हणून मागच्या कडेशी पोचल्यावर क्षणभर थांबून ती सरळ होऊ द्यावी लागते. कापून उरलेली वरची-खालची कवचे टाकू नयेत. आवरण चिकटवताना पंख त्याच कवचात ठेवून वर वजन देतात.

डिंक : फोमचे पंख डिंकापायी जितके वाया जातात तितके पडून जात नसतील. फेविक्विकसारखा झटपट डिंक, सोफा-चपलांचा पिवळा सोल्युशनवाला डिंक, स्प्रे पेंट आणि पॉलिएस्टर रेझिन ही चारही थर्माकोल खातात, म्हणजे विरघळवतात. इपॉक्सी खात नाही. फेविकॉलही खात नाही, पण तो पाणी उडून वाळतो आणि दोन फोमच्या पृष्ठांमध्ये हवाच शिरत नाही. जुलैच्या दमट हवेत तर असा सांधा आतून कितीतरी दिवस ओला राहतो. पाच मिनिटांचे इपॉक्सी पंख सरळ आहे की नाही हे बघेपर्यंत आवळते. अर्ध्या तासाचे घ्यावे, पातळ थर लावावा. जास्त डिंक म्हणजे नुसते वजन.

सांधणी : दोन्ही पंख सपाट न जोडता टोके किंचित वर ठेवतात. या कोनाला डायहेड्रल म्हणतात आणि त्यामुळे विमान एका बाजूला कलले तरी सरळ व्हायला बघते. 120 सेंमी पंखविस्ताराला एक अर्धा टेबलावर सपाट ठेवून दुसऱ्याचे टोक 6 सेंमी उचलले की दोहोंत सुमारे 5.7 अंशांचा कोन होतो. प्रत्येक मूळ त्याच्या निम्म्याने, म्हणजे 2.9 अंशांनी, तिरके घासायचे. डोळ्यांनी अंदाज घेऊ नये. पंख टेबलाच्या कडेला लावून, टोकाखाली ठोकळा ठेवून, पॉलिश पेपर चिकटवलेली फळी उभी फिरवावी. आधी कोरडे जोडून दिव्यासमोर धरावे. फटीतून उजेड आला तर पुन्हा घासणे. इपॉक्सीने फट भरता येते, पण मग तिथला सांधा ठिसूळ आणि जड होतो.

नुसत्या चिकटवलेल्या सांध्यावर विमान उडवू नये. एक किलोचे विमान 60 अंश कलून उंची न सोडता वळले तर पंखांना दोन किलो उचलावे लागतात, आणि सूर मारून वर खेचले तर त्याहूनही जास्त. म्हणून सांध्यावर 5 ते 10 सेंमी रुंद काचकापडाची पट्टी इपॉक्सीने वरून-खालून गुंडाळतात. ईपीपी मुळातच लवचीक असल्याने त्यात कार्बन-फायबरची दांडी लांबीभर बसवतात. छोट्या प्रतिकृतींना आकाशकंदिलाची बांबूची कामटीही पुरते. आवरणाला पॅकिंगची तपकिरी टेप, पातळ बाल्सा किंवा काचकापड, ज्याला जे परवडेल ते. इस्त्री मात्र मंद हवी, थर्माकोल 100 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो.

मुंबईतील वापर : विमानतळांच्या सान्निध्यामुळे आणि पोलीस आयुक्तालयाच्या वेळोवेळीच्या मनाई आदेशांमुळे शहरात प्रतिकृती उडवायला वाव जवळजवळ नाही; शिवाय ड्रोन नियम, 2021 रिमोटने उडणाऱ्या प्रतिकृतींनाही लागू आहेत. मोकळे, परवानगीचे मैदान गाठायचे तर शहराबाहेर जावे लागते, आणि दीड मीटरचा अखंड पंख घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणे म्हणजे भांडण विकत घेणे. त्यामुळे पुष्कळ जण अर्धे कायमचे जोडत नाहीत. दोन्ही मुळांत नळी बसवून त्यांत कार्बनची एकच जोडदांडी सरकवतात आणि मैदानावर अर्धे रबरबँडने किंवा टेपने आवळतात. यात नळीभोवतीचा फोम दबून दांडी हळूहळू सैल होत जाते. दांडीला खुळखुळ जाणवली की नळी उपटून, भोवती इपॉक्सी भरून नव्याने बसवणे हाच उपाय.