जिटो लॉ: ऑस्ट्रेलियाच्या रग्बी टीमचं सिलेक्शन आणि फॉर्म

जिटो लॉ हा ऑस्ट्रेलियन रग्बी युनियनमधला सिलेक्शनचा नियम. परदेशातल्या क्लबकडून खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियन प्लेयरला वॉलबीजमध्ये, म्हणजे पुरुषांच्या राष्ट्रीय टीममध्ये घ्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं. नाव लॉ असलं तरी हा कायदा बियदा नाही, बोर्डाचं धोरण आहे, आणि आतापर्यंत ते इतक्या वेळा वाकवलंय की मूळ नियम कितपत उरलाय हाच प्रश्न आहे. एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रेलियन रग्बी युनियनने तो आणला, याच बोर्डाला २०१७ पासून रग्बी ऑस्ट्रेलिया म्हणतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की सगळं एकच वाटतं. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग (१३ जणांची) आणि रग्बी युनियन (१५ जणांची) हे दोन वेगळे खेळ आहेत, आणि प्रेक्षक आणि पैसा दोन्ही मुख्यतः लीगकडे आणि ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलकडे जातो. युनियनच्या वाट्याला उरतं ते थोडकं. त्यात फ्रान्सचे आणि जपानचे क्लब असे पगार देतात की सिडनी किंवा ब्रिस्बेनची टीम त्यांच्याशी बरोबरी करूच शकत नाही. मग चांगला प्लेयर पंचविशी-तिशीत निघून जातो. त्याला थांबवायला बोर्डाकडे एकच हत्यार होतं, देशाची जर्सी: बाहेर गेलास तर वॉलबीज विसर. २०१५ पर्यंत हे धोरण जवळपास सरसकट लागू होतं. (भारतीय क्रिकेट बोर्डही आपल्या चालू पुरुष खेळाडूंना परदेशी लीग खेळू देत नाही, पण तिथे पैसा घरातच जास्त आहे त्यामुळे कोणाला जायची घाई नसते. ऑस्ट्रेलियन रग्बीचं गणित बरोबर उलटं.)

ज्याच्यावरून नियमाला नाव पडलं तो मॅट जिटो. २०११ च्या वर्ल्डकपसाठी कोच रॉबी डीन्सनी त्याला वगळलं तेव्हा त्याच्या नावावर ९२ टेस्ट, म्हणजे देशासाठीच्या इंटरनॅशनल मॅच, होत्या. तो फ्रान्सच्या तुलाँ क्लबला गेला आणि तिथे २०१३, २०१४, २०१५ असे सलग तीन युरोपियन कप जिंकला, शेवटच्या दोन वेळी सोबत ड्र्यू मिचेल. म्हणजे युरोपातल्या सगळ्यात यशस्वी टीममध्ये दोन ऑस्ट्रेलियन मस्त फॉर्मात खेळतायत आणि ऑस्ट्रेलियाला त्यांना घेता येत नाही. कोच मायकेल चेका यांना वर्ल्डकपसाठी दोघेही हवे होते. बोर्डाने वाट काढली ती अशी: ज्याने ६० टेस्ट खेळल्यात आणि ऑस्ट्रेलियन रग्बीत करारावर ७ वर्षं काढलीत, तो परदेशात असला तरी चालेल. आणखी एक पोटकलम होतं, पुढची दोन वर्षं सुपर रग्बी या घरच्या मोठ्या टीमांच्या लीगमध्ये खेळायला परत येतो असा करार केला तर लगेच पात्र, आणि लॉक (पुढच्या फळीतला उंच-दणकट प्लेयर) केन डग्लस आयर्लंडच्या लीन्स्टरमधून तसा परत आलासुद्धा. ६० हा आकडा कुठल्या अभ्यासातून आला असेल असं मला वाटत नाही, आधी नावं ठरली आणि मग त्यांना बसेल असं माप घेतलं गेलं, हे उघड दिसतं.

पण निकाल लागला. २०१५ च्या वर्ल्डकपमध्ये ट्विकनहॅमवर यजमान इंग्लंडला ३३-१३ हरवून त्यांना गटातूनच बाहेर काढलं, त्यात एकट्या बर्नार्ड फोलीचे २८ पॉइंट. क्वार्टरफायनलला स्कॉटलंड ३५-३४, अगदी शेवटी मिळालेल्या आणि आजही स्कॉटिश लोक ज्यावरून चिडतात त्या पेनल्टीवर. सेमीफायनलला अर्जेंटिना २९-१५, अॅडम अॅशली-कूपरच्या तीन ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून मिळवलेले पॉइंट). फायनलला मात्र न्यूझीलंडकडून ३४-१७ हार, आणि जिटो पहिल्या हाफमध्येच डोक्याला मार लागून बाहेर. त्या टीमचं खरं डोकं जिटोत नव्हतं असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं चूक नाही, कारण चेकांनी मायकेल हूपर आणि डेव्हिड पोकॉक या दोन्ही सात नंबरवाल्यांना एकत्र खेळवलं, पोकॉकला आठ नंबरवर सरकवून (रग्बीत जर्सीचा नंबर म्हणजे मैदानावरची जागा). पोझिशन बघून निवडायचं की सगळ्यात चांगले पंधरा निवडून मग जागा शोधायच्या हा जुना वाद, त्या वर्षी दुसरी बाजू जिंकली.

सिलेक्शनवरून भांडणं ऑस्ट्रेलियात नवीन नाहीत. पहिली टेस्ट २४ जून १८९९ ला सिडनीत ब्रिटिश बेटांच्या टीमविरुद्ध झाली, ऑस्ट्रेलिया १३-३ जिंकलं, आणि त्या मालिकेत टीमने जर्सी कुठल्या रंगाची घातली तर जिथे मॅच त्या राज्याची, सिडनीत न्यू साउथ वेल्सची निळी, ब्रिस्बेनला क्वीन्सलंडची मरून. नंतर पहिल्या महायुद्धात क्वीन्सलंडची युनियन बंदच पडली, १९२० च्या दशकात बहुतेक काळ न्यू साउथ वेल्सची टीम हीच देशाची टीम होती, आणि तिच्या मॅचेसना टेस्टचा दर्जा कितीतरी वर्षांनी, मागाहून मिळाला. राष्ट्रीय युनियन तर १९४९ ची. त्यामुळे ‘आमच्या पोराला घेतलं नाही कारण तो आमच्या राज्याचा’ ही तक्रार त्यांच्याकडे संस्थेपेक्षा जुनी आहे. आज ती वाराटाज, रेड्स, ब्रंबीज आणि पर्थची फोर्स या चार सुपर रग्बी टीमांच्या नावाने चालते. मेलबर्नची रेबेल्स ही पाचवी होती, ती २०२४ मध्ये कर्जात बुडून बंद झाली. त्याआधी २०१७ मध्ये फोर्सला बाहेर काढलं होतं आणि मग परत घेतलं, म्हणजे टीमा किती असाव्यात हेच यांचं वीस वर्षांत ठरेना.

फॉर्म बघून निवडायचं म्हणजे काय याचं उत्तम उदाहरण १९८९ चं. कोच बॉब ड्वायरनी रँडविक क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये खेळणाऱ्या फिल कर्न्सला थेट ऑकलंडला न्यूझीलंडविरुद्ध उतरवलं. त्याच मॅचमध्ये टिम होरान आणि टोनी डेली यांचंही पदार्पण. मॅच हरले. दोन वर्षांनी हे तिघेही १९९१ चा वर्ल्डकप जिंकणाऱ्या टीममध्ये होते, फायनल इंग्लंडविरुद्ध १२-६. तेव्हा निवडणारा माणूस शनिवारी क्लबच्या मैदानावर जाऊन पोरं बघायचा, आज निम्मी पोरं टुलूज नाहीतर टोकियोला असतात.

नंतरचे कोच आणि नियम

चेकांनंतरच्या काळात निकाल इतके खालीवर झाले की फॉर्म हा शब्द वापरायलाच भीती वाटावी. १० ऑगस्ट २०१९ ला पर्थला न्यूझीलंडला ४७-२६ हाणलं आणि पुढच्याच आठवड्यात ऑकलंडला ३६-० हरले. त्या वर्षी सिलेक्शन एकट्या कोचच्या हातात नव्हतं, चेका, स्कॉट जॉन्सन आणि मायकेल ओकॉनर अशी तिघांची पॅनल होती, आणि वर्ल्डकपच्या क्वार्टरफायनलला इंग्लंडने ४०-१६ घरी पाठवलं. २०२० मध्ये डेव्ह रेनी आले, त्यांचंही तसंच: सिडनीत न्यूझीलंडकडून ४३-५ ने धुलाई, आठवड्याने ब्रिस्बेनला त्यांच्यावरच २४-२२ विजय.

रेनींच्या वेळी जिटो लॉ आणखी सैल झाला. २०२१ मध्ये जपानच्या किनतेत्सु लायनर्सकडून खेळणाऱ्या क्वेड कूपरला परत आणलं, चार वर्षांनी, आणि गोल्ड कोस्टला त्याने वेळ संपल्यावर पेनल्टी मारून साउथ आफ्रिकेला २८-२६ हरवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ३०-१७. समू केरेव्ही तर त्या महिन्यात थांबवताच येत नव्हता. आणि मग काय झालं, तर नोव्हेंबरच्या युरोप दौऱ्याआधी कूपर, केरेव्ही आणि शॉन मॅकमॅन तिघेही जपानी क्लबसाठी मागे थांबले, आणि ऑस्ट्रेलिया स्कॉटलंड, इंग्लंड, वेल्स तिन्ही मॅच हरलं, त्यातल्या स्कॉटलंडशी दोन आणि वेल्सशी एका पॉइंटने. नियमाची खरी अडचण ही आहे आणि ती कागदावर दिसत नाही. परदेशी प्लेयर निवडता येतो म्हणजे तो मिळतोच असं नाही, पगार क्लब देतो, आणि ठरलेल्या इंटरनॅशनल विंडोबाहेर (देशांच्या मॅचेससाठी राखलेल्या काळाबाहेर) क्लबवर सोडण्याची सक्ती नसते. टीमची चाल ज्याच्याभोवती बसवली तोच दोन महिन्यांनी गायब.

२०२२ पासून नवं माप: ३० टेस्ट किंवा ५ वर्षांची सुपर रग्बी सेवा, आणि एका वेळी असे फक्त तीन प्लेयर. पहिले तिघे कूपर, केरेव्ही आणि मारिका कोरोइबेटे. कूपर पोटरी दुखावल्याने इंग्लंडविरुद्धची पहिली टेस्ट सुरू व्हायच्या आधीच बसला आणि ऑगस्टमध्ये अर्जेंटिनात त्याची टाचेमागची अकिलीसची नस तुटली. त्याच्या जागी जपानहून फोलीला बोलावलं, तर मेलबर्नला न्यूझीलंडविरुद्ध पुढे असताना फोलीने किक मारायला वेळ लावला म्हणून रेफ्रीने बॉल काढून घेतला आणि मॅच ३९-३७ गेली. इतकी कमनशिबी टीम शोधून सापडायची नाही, असं त्या वर्षी बऱ्याच जणांना वाटलं असणार.

जानेवारी २०२३ मध्ये रेनींना काढून एडी जोन्सना आणलं. जोन्सनी वर्ल्डकपसाठी हूपर आणि कूपर दोघांनाही वगळलं, कॅप्टन केलं फ्रान्सच्या ला रोशेल क्लबच्या विल स्केल्टनला, आणि दहा नंबरची, म्हणजे टीमची चाल ठरवणाऱ्या प्लेयरची, जबाबदारी टाकली कार्टर गॉर्डन या नवख्यावर. परदेशातले स्केल्टन, केरेव्ही, कोरोइबेटे, रिची अर्नोल्ड असे चार, म्हणजे तीनचा आकडा तिथेच मोडला. वर्ल्डकपआधीच्या पाचही मॅच हरून गेलेली ही टीम फ्रान्सला जॉर्जियाशी जिंकली, मग फिजीशी २२-१५ (१९५४ नंतर पहिल्यांदा) आणि वेल्सशी ४०-६ हरली, आणि इतिहासात पहिल्यांदा ऑस्ट्रेलिया गटातूनच बाहेर पडलं. दोष तरुण पोरांना देण्यात अर्थ नाही. तरुण टीम घेणं वेगळं आणि तरुण टीमच्या आजूबाजूला एकही जाणता माणूस न ठेवणं वेगळं, ड्वायरच्या कर्न्सला शेजारी अनुभवी कॅप्टन निक फार-जोन्स होता.

जानेवारी २०२४ मध्ये नेमलेले जो श्मिट यांनी आरडाओरड न करता घरच्या प्लेयरना आधी प्राधान्य आणि जिथे खरंच खड्डा आहे तिथे परदेशातला, असं ठेवलं. लीगमधून आलेल्या जोसेफ-अकुसो सुआलीला त्यांनी युनियनची एकही सीनियर प्रोफेशनल मॅच न खेळता थेट ट्विकनहॅमवर उतरवलं, मॅच ४२-३७ जिंकली आणि टीका करणारे गप्प झाले. त्याच वर्षी मार्क नवाकनितावासे हा विंगर उलट दिशेने लीगला गेला. सप्टेंबरमध्ये हीच टीम अर्जेंटिनात ६७-२७ हरली होती हेही विसरू नये.

२०२५ मध्ये तेच, जरा मोठ्या पडद्यावर. ब्रिटिश आणि आयरिश लायन्स (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक प्लेयरची टीम) यांच्याविरुद्ध पहिल्या टेस्टला स्केल्टन आणि रॉब व्हॅलेटिनी दोघेही जखमी, २७-१९ हार. मेलबर्नला दोघे परतले, ९० हजारांवर प्रेक्षक, आणि शेवटच्या मिनिटातल्या ट्रायवर २९-२६ हार. सिडनीला वीज चमकत असल्याने मॅच मध्येच थांबवली गेली, तरी २२-१२ जिंकले. ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ०-२२ पिछाडीवरून ३८-२२ विजय, तिथला १९६३ नंतरचा पहिला, आणि त्या दिवशी दहा नंबरवर कोण, तर २०२२ नंतर पहिलीच टेस्ट खेळणारा जेम्स ओकॉनर! वर्षभर ही जागा नोआ लोलेसियो, टॉम लायनाह, ओकॉनर, टेन एडमेड आणि लीगहून परत आलेला गॉर्डन यांच्यात फिरत राहिली, काही दुखापतींमुळे, काही क्लबच्या करारांमुळे. दहा नंबर दर महिन्याला बदलला की बॅकलाइनला, म्हणजे मागच्या धावणाऱ्या फळीला, लय सापडत नाही, हे समजायला कोच असावं लागत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इंग्लंड, इटली, आयर्लंड आणि फ्रान्स या चारही मॅच गेल्या. त्याची किंमत लगेच मोजावी लागली, कारण २०२७ च्या वर्ल्डकपचा ड्रॉ डिसेंबरमध्ये होता आणि जागतिक क्रमवारीत वरच्या सहांत नसल्याने यजमान असूनही ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडच्या गटात पडलं, सोबत चिली आणि हाँगकाँग. गटातून २४ पैकी १६ टीम पुढे जाणार असल्याने लगेच बाहेर पडायची भीती नाही, पण पुढचा रस्ता अवघड होतो.

साउथ आफ्रिकेने परदेशी प्लेयरवरची अट पूर्ण काढून टाकली आणि २०१९, २०२३ असे दोन वर्ल्डकप जिंकले. न्यूझीलंड अजून घरी खेळणाऱ्यालाच घेतं, फक्त मोठ्या प्लेयरना जपानला जाऊन यायची सुट्टी देतं. ऑस्ट्रेलिया या दोघांच्या मध्ये लटकलंय. दार पूर्ण उघडलं तर चार टीमांची सुपर रग्बी ओस पडेल, पूर्ण बंद केलं तर स्केल्टनसारखा लॉक घरी बसेल. श्मिट यांच्यानंतर २०२६ च्या मध्यापासून टीमची सूत्रं लेस किस यांच्याकडे द्यायचं बोर्डाने ठरवलं, आणि वर्ल्डकपसाठी परदेशातून कोणाकोणाला बोलवायचं हा हिशोब त्यांच्या टेबलावर आला.